जहाज बुक आहे, ताबा बाकी

ज्यांनी उभ्या तारुण्यात एकही कॉम्प्युटर गेम पैसे देऊन घेतला नाही, ते सध्या कॉम्प्युटर गेमच्या सुवर्णयुगासाठी उसासे टाकतायत.

वय पंचेचाळीस ते पंचावन्न. पोट सुटलेलं, चष्मा प्रोग्रेसिव्ह. विषय निघायचा अवकाश, की 'विंग कमांडर', 'एक्स-विंग', 'टाय फायटर' ही नावं अशी घेतात, जणू एका बाकावरचे वर्गमित्र.

'काय ते गेम होते! आता तसं काही होत नाही.'

खरं आहे. मानसुद्धा आता तशी वळत नाही.

दिल्लीतल्या मराठी मंडळींत ही साथ जरा जास्तच पसरली आहे. वडील केंद्र सरकारात, मुलगा पहाडगंजच्या नूतन मराठीत नाहीतर एखाद्या केंद्रीय विद्यालयात, सुट्टीत आजोळी सांगली-सातारा. नव्वदच्या दशकात घरी 'असेंबल्ड' पीसी आला तो जीपीएफमधून पैसे काढून. कारण दिलं होतं अभ्यासाचं. आठवड्याभरात मशीनवर काय सुरू होतं? किलराथी नावाच्या मांजरमुख्या परग्रहवासीयांचा संहार.

वडिलांना आजही वाटतं, मुलगा तेव्हा रात्र रात्र 'सी' शिकत होता.

उत्तर दिल्लीच्या रिजवर, हिंदूराव हॉस्पिटलच्या आसपास सकाळी फिरायला येणाऱ्यांत या जमातीचे दोन-तीन नमुने हमखास भेटतात. माकडांना चुकवत चालतात आणि ढालीची शक्ती पुढे वळवावी की मागे, यावर वाद घालतात. कुठल्या ढाली? तीस वर्षांपूर्वीच्या एक्स-विंगच्या.

त्यांना सहज विचारा, हिंदूराव कोण?

'असेल कुणी जुना डॉक्टर.'

हा डॉक्टर कागलकर घाटग्यांच्या घरातला होता. सर्जेराव घाटग्यांचा मुलगा, बायजाबाई शिंद्यांचा भाऊ. १८३५ साली विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा खून झाला आणि त्याची या टेकडीवरची कोठी हिंदूरावांकडे आली. १८५७च्या जूनपासून सप्टेंबरपर्यंत इंग्रजांची मोक्याची चौकी याच कोठीत होती. गुरख्यांची पलटण आत, शहराकडून येणारे तोफगोळे बाहेर. कोठीच्या भिंतींची चाळण झाली.

एवढी खरीखुरी लढाई पायाखाली, मराठी सरदाराच्या नावासकट. पण तिला सेव्ह गेम नव्हता, मग लक्षात कोण ठेवणार?

असो. इतिहासाचा तास संपला, कॉम्प्युटरचा सुरू करू.

१९८४ साल. केंब्रिजचे दोन विद्यार्थी, डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल, 'एलिट' नावाचा गेम काढतात. अंतराळात जहाज घेऊन फिरायचं, व्यापार करायचा, चाच्यांशी लढायचं. आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ तारे. हा सगळा पसारा सुमारे २२ किलोबाइटमध्ये. आज सोसायटीच्या ग्रुपवर येणाऱ्या 'शुभ सकाळ'च्या गुलाबाला याहून जास्त जागा लागते.

गेम चालायचा कुठल्या मशीनवर? बीबीसी मायक्रोवर.

आणि त्याच सुमारास भारत सरकारने 'क्लास' नावाच्या योजनेत देशभरातल्या अडीचशेच्या आसपास शाळांना कुठलं मशीन दिलं? बीबीसी मायक्रोच. म्हणजे दोन हजार अठ्ठेचाळीस तारे पेलणारं यंत्र आमच्या शाळांत ऐन वेळेवर पोचलं होतं. सरकार वेळेवर पोचल्याचा हा दुर्मीळ दाखला नोंदवून ठेवावा.

आम्ही त्याचं काय केलं? चपला बाहेर काढल्या, वातानुकूलित खोलीत रांगेने गेलो आणि बेसिकमध्ये स्वतःचं नाव दहा वेळा पडद्यावर छापलं.

खोलीची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. विश्वाचीही.

त्यामुळे आमच्या पिढीचं अंतराळयुग शाळेत सुरू झालंच नाही. ते सुरू झालं नेहरू प्लेसला.

हिंदूरावच्या चढणीवरून नेहरू प्लेस म्हणजे दिल्लीचं दुसरं टोक. मेट्रो तिथं पोचली २०१०मध्ये. त्याआधी बस. १९९२ साली रस्त्यावर उतरलेली खासगी रेडलाइन ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना लघुग्रहांच्या पट्ट्यातून जहाज काढण्याचं कौतुक सांगू नये. दाराला लोंबकळायचं, कंडक्टर बाहेरून पत्रा बडवणार, पुढच्या रेडलाइनला मागे टाकण्यासाठी ड्रायव्हरचा जीव वर-खाली. तुमचाही.

आणि या बसला ढाली नव्हत्या. पुढेही नाहीत, मागेही नाहीत.

नेहरू प्लेसच्या फरशीवर एक पोरगा जवळून जाता जाता पुटपुटायचा, 'सॉफ्टवेअर? गेम?' तुम्ही मान हलवली, की तो तुम्हाला जिन्याखाली नेणार. प्लॅस्टिकच्या पाकिटात चुरगळलेली यादी, टाइपरायटरवर बडवल्यासारखी. तुम्ही बोट ठेवायचं, तो गायब व्हायचा, तुम्ही खांबाला टेकून उभे. परत आला की फ्लॉपींचा गठ्ठा हातात. रबरबँड फुकट.

तपासून बघायची सोय? घरी. बदलून द्यायची? पुढच्या जन्मी.

आठ फ्लॉपींपैकी सातवी कायम खराब निघायची. हे कुणी ठरवून करत होतं का, याची चौकशी करायला एखादा आयोग बसवायला हवा होता. दिल्लीत बाकी सगळ्यावर बसले.

पुढे अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधींनी काढलेल्या जगभरच्या बदनाम बाजारांच्या यादीत नेहरू प्लेस आणि पालिका बाजार यांची नावं झळकली. मुंबईकरांनी हसू नये, हीरा पन्नाही त्या यादीत होतं. राष्ट्रीय एकात्मता कुठे दिसली तर इथे.

बाजू घ्यायचीच तर एक मुद्दा आहे. जगातला पहिला गाजलेला अंतराळ लढाईचा गेम 'स्पेसवॉर' १९६२ साली एमआयटीत लिहिला गेला, तो कधी विकलाच गेला नाही. ज्याला हवा त्याने उतरवून घ्यावा. त्या हिशेबाने जिन्याखालचा पोरगा हा परंपरेचा खरा पाईक.

फक्त तो पैसे घ्यायचा.

बरं, एवढं करून गेम चालायचा का?

हा प्रश्न विचारला, की सुवर्णयुगवाले घसा खाकरतात. गेम म्हणणार, ६४० किलोबाइटमधली मोकळी मेमरी पुरत नाही. मग 'ऑटोएक्झेक'मधल्या ओळी खोडा, 'कॉन्फिग'मध्ये घाला, मशीन बंद-चालू, पुन्हा तोच निरोप. साउंड ब्लास्टर कार्ड कुणाच्या घरी होतं? स्पीकर म्हणजे केसच्या पोटातला तो टीचभर डबा. अख्खं तारामंडळ फुटलं तरी आवाज यायचा घड्याळाच्या गजरासारखा. जॉयस्टिक म्हणजे चैन. जहाज वळायचं बाणांच्या बटणांवर, आणि डाव्या बाणाचं बटण तर आधीच्याच उन्हाळ्यात 'पॅरानॉइड'ने खाल्लेलं.

थोडक्यात, आमचा वैमानिक आयुष्यभर उजवीकडेच वळत राहिला.

यातूनही उड्डाणाची वेळ आली, की पडद्यावर प्रश्न: मॅन्युअलच्या अमक्या पानावर काय लिहिलंय? चोरांना अडवायची ती युक्ती होती. म्हणजे आम्हालाच. मग कुणाच्या तरी मावसभावाच्या मित्राकडे मॅन्युअलची झेरॉक्स असल्याचा शोध लागायचा. झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स. आकडा तीन आहे की आठ, हे ठरवायला घरातला सर्वांत तरुण डोळा बोलवायचा.

'त्यामुळेच तर आम्ही इंजिनिअर झालो!' असं आता सांगतात.

हेच इंजिनिअर गुरुग्रामच्या ऑफिसात प्रिंटर अडला की आयटीवाल्या पोराला फोन लावतात.

दुसरा लाडका दावा असा, की त्या काळच्या गेमला कथा होती. होती ना! १९९४च्या 'विंग कमांडर तीन'मध्ये तर 'स्टार वॉर्स'चा मार्क हॅमिल स्वतः उतरला होता. चार सीडींचा सिनेमाच तो. पण आपल्याकडे बाजारात फिरायच्या त्या बहुधा 'रिप' केलेल्या आवृत्त्या. जागा वाचवण्यासाठी चित्रफिती काढलेल्या, संगीत काढलेलं, कधी संवादही उडवलेले.

ज्या कथेच्या आठवणीने डोळे पाणावतात, ती कापून टाकलेली होती. ही मंडळी हळहळतायत ती गाळलेल्या जागांसाठी.

पहिल्या 'विंग कमांडर'चा एक किस्सा त्याच्या प्रोग्रॅमरनेच सांगितलेला आहे. गेममधून बाहेर पडताना मेमरीची काहीतरी चूक पडद्यावर उमटायची. दुरुस्त करायला वेळ नव्हता. मग पठ्ठ्याने चुकीचा मजकूरच बदलला आणि तिथे लिहिलं, 'विंग कमांडर' खेळल्याबद्दल आभार. चूक तिथेच, वर नमस्कार.

हा माणूस दिल्ली महापालिकेत सहज आयुक्त झाला असता.

आता या लढायांच्या अस्सलपणाबद्दल. हवा नाही तिथे विमानासारखं कलंडून वळण घेता येत नाही, स्फोटाचा आवाज येत नाही, इंजिन बंद केलं तरी जहाज थांबत नाही. हे आठवीच्या पुस्तकात आहे. तरी 'स्टार वॉर्स'मधल्या लढाया बेतल्या होत्या दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या फिल्म बघून. आणि त्या सिनेमांवरून 'एक्स-विंग' बनवणारा लॉरेन्स हॉलंड त्याआधी काय करत होता? दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचेच गेम.

तेच युद्ध. ढग पुसले आणि दिवे मालवले.

एकाने प्रामाणिकपणा करून पाहिला. १९९३ साली ब्रेबेनने 'एलिट'चा पुढचा भाग 'फ्रंटियर' काढला आणि त्यात न्यूटनचे नियम जसेच्या तसे लावले. दोन जहाजं समोरासमोर सुसाट यायची, एकमेकांच्या शेजारून निघून जायची आणि मग पुन्हा गाठ पडायला युगं लागायची. लोक वैतागले. लढाईत गंमत नाही म्हणाले.

न्यूटन बरोबर होता. त्याला कुणी बोलावलं होतं?

या सगळ्यात दिल्लीकर मराठी घरांत खरा मुरला तो १९९४चा 'टाय फायटर'. यात तुम्ही बंडखोरांकडून लढत नाही, साम्राज्याकडून लढता. वर आदेश देणारा अधिकारी. त्याने सांगितलेलं काम करायचं, पदक मिळतं. पण कोपऱ्यात एक काळा झगेवाला उभा असतो. त्याच्याकडची न सांगितलेली कामंही केलीत, तर सम्राटाच्या गुप्त मंडळात बढती आणि हातावर गोंदण. सुरुवातीच्या जहाजांना मात्र ढाल नाही. मेलात तर मेलात, दुसरा पाठवू.

केंद्र सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेल्या मुलाला यातलं काही शिकवावं लागलं असेल?

वडील संध्याकाळी ऑफिसातून येऊन गोपनीय अहवालाची चिंता करत चहा पीत असत. आतल्या खोलीत मुलगा तेच करत होता, फक्त विश्वाच्या पातळीवर.

मराठी माणूस अंतराळात चमकला नाही असंही नाही हं. १९९८ साली दूरदर्शनवर मिलिंद सोमण 'कॅप्टन व्योम' झाला होता. पण त्याच्या जहाजांचं बजेट बघितल्यावर लोकांनी मुकाट्याने कीबोर्ड जवळ केला.

आता हेच गेम रीतसर मिळतात. २०१४मध्ये 'एक्स-विंग' आणि 'टाय फायटर' पुन्हा विक्रीला आले, अगदी कायदेशीर. सातवी फ्लॉपी नाही, मॅन्युअलचा प्रश्न नाही. मित्रांनी तातडीने घेतले. मग एकाने शनिवारी दुपारी मुलीला हौसेने शेजारी बसवलं.

'बाबा, हे अजून लोड होतंय का?'

'नाही गं, सुरू झालंय. ते बघ शत्रूचं जहाज.'

'तो त्रिकोण?'

'हं.'

'मग तुम्ही त्याला मारताय की तो तुम्हाला?'

उत्तर पडद्यावर लाल अक्षरांत आलं. मुलगी उठून गेली. बाबा म्हणाले, हल्लीच्या मुलांमध्ये चिकाटी नाही. आणि त्यांनीही गेम बंद केला.

त्यानंतर तो उघडलेला नाही. चोरून आणलेला रात्रभर जागून खेळला, विकत घेतलेला पडून आहे.

इथवर सगळं निरुपद्रवी होतं. आठवणींना जीएसटी लागत नाही. पण 'विंग कमांडर'चा जन्मदाता ख्रिस रॉबर्ट्स या मंडळींना पुरतं ओळखून होता.

२०१२च्या ऑक्टोबरमध्ये त्याने घोषणा केली: जुन्या दिवसांसारखा अंतराळ लढाईचा भव्य गेम करतो, नाव 'स्टार सिटिझन', पैसे तुम्हीच आगाऊ द्या. गेम कधी मिळणार? २०१४.

मोदी आले, नोटा बदलल्या, करोना आला आणि गेला, संसदेची नवी इमारत उभी राहिली. गेम अजून 'अल्फा'त आहे.

म्हणजे तो चालतो, उडतो, लोक त्यात तासन् तास फिरतात. फक्त पूर्ण झालेला नाही. आणि वर्गणी? २०२४ मध्ये तिने ७० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला.

पैसे मिळतात कशाचे? जहाजांचे. काही उडणारी, काही अजून कागदावरची. चित्र बघा, पसंत करा, पैसे भरा. जहाज तयार होईल तेव्हा होईल, तोवर वापरायला दुसरं देतो. २०१८ मध्ये शंभरावर जहाजांचा एक गठ्ठा विक्रीला काढला होता, किंमत २७ हजार डॉलर. तेव्हाच्या दराने १८ लाख रुपयांच्या आसपास. आणि तो नुसता बघायचा तरी आधी हजार डॉलर खर्च केलेले असावे लागत.

शोरूमच्या दारात बँकेचं पासबुक तपासून मग काच पुसणारा हा पहिलाच दुकानदार.

दिल्लीकराला यात नवं काय वाटणार? नोएडा, ग्रेटर नोएडात तो हाच गेम वर्षानुवर्षं खेळतोय. गुळगुळीत कागदावर टॉवरचं चित्र, तरण तलाव, कारंजं, गोरी मुलं सायकलवर. बुकिंगची रक्कम भरा. ताबा तीन वर्षांत. तोवर राहायला भाड्याचं घर, म्हणजे तेच ते दुसरं जहाज. हप्ता इकडे, भाडं तिकडे. आम्रपाली या बिल्डरच्या चाळीस हजारांहून जास्त ग्राहकांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, २०१९च्या जुलैमध्ये निकाल लागला, तेव्हा कुठे अर्धवट इमारती पुऱ्या करायचं काम सरकारी कंपनीकडे आलं.

नोएडात जाहीर केलेल्या मिनिटाला पुरं झालेलं एकच काम डोळ्यांसमोर येतं. २८ ऑगस्ट २०२२, दुपारी अडीच. सुपरटेकचे शंभर मीटरच्या आसपास उंचीचे जुळे टॉवर, पोटात ३,७०० किलो स्फोटकं, आणि नऊएक सेकंदांत भुईसपाट. सगळ्या वाहिन्यांवर थेट प्रक्षेपण.

सुवर्णयुगवाल्यांना विचारा, डेथ स्टारचा स्फोट एवढ्या सफाईने कधी जमला होता का? आणि इथे आवाजही खरा होता.

या जमातीतला एक गृहस्थ मला चांगला माहीत आहे. जन्म हिंदूराव हॉस्पिटलचा, नोकरी गुरुग्रामला, फ्लॅट ग्रेटर नोएडात बुक, जहाज 'स्टार सिटिझन'मध्ये बुक. फ्लॅटचा हप्ता बायकोला माहीत आहे. जहाजाचा नाही. जॉयस्टिकचा जोड मागवला तो ऑफिसच्या पत्त्यावर, किंमत विचारली की 'मनगटाच्या व्यायामाचं साधन' म्हणतो.

मी म्हटलं, 'अरे, रॉबर्ट्सचा चोवीस कॅरेटचा पुरा गेम तू नव्वदीत जिन्याखालून उचललास. आता त्याच माणसाला अर्धवट गेमसाठी डॉलर मोजतोयस?'

'व्याज समज,' तो म्हणाला.

एवढा प्रामाणिक माणूस मला वाटलं दिल्लीत उरला नसेल. म्हणून पुढचं विचारलं, आधी काय हातात येईल, फ्लॅट की जहाज?

त्याने फोन काढला. एका खिडकीत बिल्डरचा शेवटचा फोटो, आधीच्या वर्षीचाच, तीच क्रेन त्याच कोनात. दुसऱ्या खिडकीत जहाज. सावकाश गोल फिरणारं, पंखांवर ऊन, आत दोन पलंग आणि कॉफीचं मशीन.

'याला निदान बाथरूम दाखवलंय,' तो म्हणाला, आणि रंग कुठला निवडावा ते विचारू लागला.